लातूरच्या बैठकीत माझे सोमवार

जायचं ठरलं ते मॅडमच्या फोनमुळे. माणसाच्या खाण्याच्या सवयी कशा बदलतात, याचा त्या अभ्यास करतात. त्यासाठी शुगर असलेल्या आम्हा काही बायकांना रोज काय खाल्लं ते महिनाभर वहीत लिहायला दिलं होतं. "काकू, तुमची वही सगळ्यांत नीट. लातूरच्या बैठकीत तुम्हीच बोला."

नांदेडहून सकाळची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट. लोह्याला चहा मिळतो, पण डबा घरचाच न्यावा. भाकरी-चटणी प्रवासात बाधत नाही. अहमदपूरपर्यंत रस्त्याला ठिगळं आहेत, कंबर दुखत असेल तर पुढचं सीट बघा. लातूरला उतरून आधी सिद्धेश्वराचं दर्शन घेतलं, मग बैठकीला गेले.

माझी वही टेबलावर उघडी ठेवलेली. शेजारी चाकूरची सुरेखा, तिशीची, नुकतीच शुगर निघालेली. पानं उलटून म्हणाली, "ताई, तुमच्या वहीचं मॅडमकडून ऐकलं व्हतं. सोमवारी खरंच कायबी न्हाई! म्हणूनच शुगर कमी तुमची. म्या बी आता तीन वार धरलेत, निस्त्या पाण्यावर. त्या दिशी गोळी बी बंद."

मी वही ओढून मिटली. सोमवारी मी लिहायची, 'उपवास'. बस. सकाळची साबुदाण्याची खिचडी, दुपारचे तळलेले बटाटे, रात्रीची भगर कोण लिहितं? ते काय जेवण असतं? आमच्यात कुणीच तसं मोजत नाही.

मॅडमनी नाव पुकारलं. गप्प राहिले असते तर मान राहिला असता. पण ही पोरगी पाण्यावर राहत होती. महादेवाचं नाव घेतलं आणि सगळं सांगून टाकलं.

मागून एकजण हसली, "म्हंजे उपास महादेवाला अन् खिचडी काकूला!" हशा झाला. मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, "आणखी कुणाचं असं झालंय?" हशा थांबला. एकेक हात वर येऊ लागला.

सुरेखा मात्र माझ्यावर उखडली. "आधी सांगायचं न्हाई व्हय? आज दुसरा दिवस हाय माझा पाण्यावर!" उठायला गेली अन् भिंत धरली. मॅडमनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते सांगतील तसं तिला थोडं थोडं खाऊ घातलं. तिचा दादला न्यायला येईपर्यंत मी तिचा हात सोडला नाही.

परतीच्या गाडीत डोळा लागला नाही. घरी आल्यावर यांनी विचारलं, "कसं झालं भाषण?" मी वही काढून सोमवारी काय काय खाल्लं ते लिहायला बसले.

सोमवारी सकाळी सुरेखाचा फोन आला. "ताई, भाकरी समोर हाय. गोळी बी घेतली. पाप लागंल का?"

मी म्हटलं, "लागलं तर माझ्या नावावर. तू जेव."

ती घास चावू लागली तशी मी फोन कानालाच धरून बसले.