दोन सिटांची बिदाई

घुग्घुसला कोळशाचे ट्रक दुरुस्त करणाऱ्या मुश्ताकचा जीव दोन ठिकाणी अडकलेला: लाल गाडी आणि लेक रुखसार. त्यात पहिला नंबर कुणाचा, हे त्याच्या बायकोनं, मलिकानं, कधी विचारलं नाही. तिला स्वतःचा नंबर ठाऊक होता.

गाडी विलायती, शर्यतीची, मुश्ताकपेक्षा वयानं मोठी. खाणीवरचा एक साहेब बदली झाल्यावर ती भंगारात टाकून गेला, मुश्ताकनं उचलली. छत कापडाचं, बसायला दोनच जागा. इंजिन सुरू होईपर्यंत रुखसारची प्राथमिक शाळा संपली, रंग लागेपर्यंत माध्यमिक. सहा वर्षांच्या पोरीला शेजारच्या सीटवर बसवून त्यानं सांगून ठेवलं होतं, "तुही बिदाई याच गाडीत."

लग्न ठरलं आलापल्लीच्या दानिशशी. त्याचं सागवानी फर्निचरचं दुकान, आणि दारात नवीकोरी सात सिटांची गाडी. बटण दाबलं की दार सरकतं, मागच्या सीटलाही थंड हवा. मुश्ताकनं तिच्याभोवती एक चक्कर मारली. म्हणाला, "चांगली आहे. दिवाणखान्याले चाकं लावल्यासारखी."

"चाचा, तुमच्या गाडीत जेवणाचा डबाबी मावत नाई," दानिश हसत म्हणाला.

खरी पंचाईत मलिकानं दाखवली. "लाल गाडी चालवन कोण? तिचा गिअर तुमच्याशिवाय कोणाचं आयकत नाई. तुम्ही बसले, पोरगी बसली. मंग नवरदेव काय बोनटवर बसन?"

ही बिदाई मुश्ताकनं मनातल्या मनात कितीदा तरी पाहिली होती, पण तिच्यात नवरदेव कधी आलाच नव्हता. शेजारी सहा वर्षांचीच पोरगी बसलेली असायची. त्याला फार वाईट वाटलं आणि ते लपवणं काही त्याला जमलं नाही.

"मी मोठ्या गाडीतच जातो, अब्बा," रुखसारनं विषय मिटवला.

लग्नाच्या दिवशी लाल गाडी धुऊन-पुसून मांडवाबाहेर नुसती शोभेला उभी केली. बिदाईच्या वेळी रुखसार आईच्या गळ्यात पडून रडत होती. तोवर मोठ्या गाडीत दानिशची आई चढली, त्याच्या आत्या, म्हणजे फुफ्या चढल्या, त्यांची लेकरं, मिठाईच्या टोपल्या, मधोमध दानिश. दार सरकून बंद झालं आणि नवरी बाहेरच.

आत एकच गलका झाला. जो तो दुसऱ्याला उतरायला सांगू लागला, उतरलं मात्र कुणी नाही.

"बसा, कोणी उठू नका," मलिका म्हणाली आणि लेकीचा हात धरून तिला लाल गाडीजवळ घेऊन आली.

"पोरीच्या बापानं सोबत यायची रीत नाई," एक फुफी काचेतून बोलली.

"बाप म्हणून नाई, ड्रायवर म्हणून येऊन राह्यलो," मुश्ताक म्हणाला.

दानिशनं मधूनच वाकून काच खाली केली. "व्हा पुढं, चाचा."

आलापल्लीचा रस्ता जंगलातून जातो. आपली गाडी वाऱ्यालाही मागे टाकते, हे मुश्ताकनं उभ्या घुग्घुसला ऐकवलं होतं. त्या दिवशी ती बैलगाडीच्या चालीनं चालली होती.

"अब्बा, बिघडली का?" रुखसारनं विचारलं.

"नाई."

मागची सात सिटांची गाडी हॉर्न देऊन देऊन थकली. मुश्ताकनं तिला आलापल्लीपर्यंत साइड दिली नाही.