सीटखालचा पट्टा

आमची कंपनी तेव्हा सरहद्दीवर पुढच्या पोस्टवर होती आणि मी कंपनी हवालदार मेजर होतो. जवानांची ड्युटी, शिस्त आणि शिक्षा माझ्या हातात. दर रविवारी सकाळी आठला मंदिर परेड. मंदिरात चामडं चालत नाही, म्हणून बेल्ट आणि होल्स्टर बाहेर निघायचे. जवानांच्या रायफली कोतमध्ये, म्हणजे शस्त्रांच्या कुलूपबंद खोलीत, जमा असायच्या. पण कंपनी कमांडर मेजर साहेबांचं पिस्तूल कमरेला असे. ते त्यांनी त्या रविवारी ड्रायव्हरच्या हाती दिलं.

ड्रायव्हर लान्स नायक देविदास गावंडे. तो अकोटकडचा, मी अंजनगाव सुर्जीचा. अख्ख्या कंपनीत वऱ्हाडी बोलणारे आम्ही दोघंच. तो मला उस्ताद म्हणायचा आणि घरचा माणूस समजायचा. मी त्याच कारणानं त्याच्यावर जास्त कडक होतो. आपल्या भागातला म्हणून सोडलं असं कोणी म्हणायला नको होतं.

देविदासनं पिस्तूल जीपच्या समोरच्या खणात ठेवलं, खण नुसता लोटला आणि लंगरवर चहा प्यायला गेला. मी ते पाहिलं. आठ पस्तीसला मी पिस्तूल काढून घेतलं, मेजर साहेबांना तेवढं सांगितलं आणि समोरच्या भिंतीला टेकून उभा राहिलो.

तो परत आला. खण उघडला. मग सीटखाली, बॉनेटखाली, चाकांमागं, शेवटी गुडघ्यावर बसून चिखलात हात घालून शोधू लागला. हत्यार हरवलं म्हणजे कोर्ट मार्शल, हे त्याला ठाऊक होतं. मी त्याला चाळीस मिनिटं शोधू दिलं. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. तो रडायला लागला तेव्हा मी पिस्तूल खिशातून काढलं.

"उस्ताद, पाचच मिनिटं गेल्तो."

"पाच मिनिटांत तुई तेरवी होते, गाढवा."

सात दिवस पिठ्ठू दिला. पाठीवर वीस किलो रेती आणि संध्याकाळी सगळ्या कंपनीसमोर ग्राउंडला चकरा. चौथ्या दिवशी त्याचे खांदे सोलले होते. पट्ट्याखाली फडकं घालू का, असं त्यानं विचारलं, आणि मी नाही म्हणालो. त्याच्या रेकॉर्डवर लाल शाईची नोंद चढली. नायकाची फीत हुकली ती हुकलीच. तो लान्स नायक म्हणूनच घरी आला.

माणूस असा विचित्र की त्यानं याचा राग धरला नाही. गावात सांगत फिरायचा, उस्तादानं मले सोल्जर केलं. मला ते ऐकून बरं वाटायचं. आता त्याचीच लाज वाटते.

मी सुभेदार होऊन रिटायर झालो. रिव्हॉल्व्हरचं लायसन्स काढलं आणि अकोल्यात एका रस्ते कंत्राटदाराकडे गनमन म्हणून लागलो. सगळे त्याला शेठ म्हणत. शेठला ड्रायव्हर हवा होता, मी देविदासला लावून दिलं. अकोला ते अमरावती आमची रोजचीच फेरी होती.

पहिल्याच आठवड्यात देविदासनं एक काम केलं. जुन्या शहरातल्या एका वेल्डरकडून जाड पत्र्याचा डबा बनवून आणला आणि माझ्या सीटखाली चार बोल्ट मारून गाडीच्या सांगाड्यालाच बसवला. आतून फोमचा तुकडा, बाहेर कुलूप. चावी माझ्या हातात ठेवली आणि हसला. "उस्ताद, आता पिठ्ठू नाही देता येत तुमाले." मी म्हटलं, शहाणाच आहेस. मनातून आनंद झाला होता.

लोक मला अजून विचारतात, साहेब, गाडीत हत्यार कुठं ठेवायचं? अहो, शक्यतो ठेवूच नका. कमरेवर नाहीतर घरच्या कपाटात कुलपात. अगदीच सोडून जायची वेळ आली तर रिकामं करा, गाडीला जखडलेल्या डब्यात घाला, कुलूप लावा, गोळ्या आणि चावी सोबत न्या. समोरचा खण ही रुमाल ठेवायची जागा आहे. सीटखाली ढकलायचं ते चपला. हे मी तेव्हाही असंच सांगायचो. माझं रिव्हॉल्व्हर जुन्या घडणीचं होतं. मागच्या घोड्यावर, म्हणजे गोळीवर आपटणाऱ्या हातोडीवर, आदळलं तर गोळी सुटू शकते, म्हणून घोड्यासमोरचं घर रिकामं ठेवायचं आणि पाचच गोळ्या भरायच्या, हेही मला पाठ होतं. पण शेठला सहा लागायच्या. सहाची बंदूक अन् पाच गोळ्या कशाच्या, म्हणायचा. मी सहा भरत होतो.

नवरात्रातली सकाळ होती. शेठला अमरावतीत देवीची आरती गाठायची होती. नऊ वाजता देवळाजवळ पोचलो. गर्दी भयंकर होती. शेठ उतरून चालूही लागला. माझ्या कमरेला चामड्याचा पट्टा, पट्ट्याला होल्स्टर, होल्स्टरात भरलेलं रिव्हॉल्व्हर. डबा उघडायचा म्हणजे सीट मागं सरकवा, खाली वाका, गोळ्या काढा. दोन मिनिटं लागली असती. शेठनं वळून हाक मारली, "सुभेदार, येता का राहता?" मी पट्टा सोडला, होल्स्टरासकट गुंडाळला आणि ड्रायव्हरच्या सीटखाली सारला, कारण माझ्या सीटखाली डबा होता आणि ती हाताशी होती. देविदास तेव्हा मागचं दार उघडून हाराची पिशवी काढत होता. त्याला दिसलं नाही. मी सांगितलंही नाही. पाच मिनिटांचं काम, म्हटलं.

पुढचं मी तिथल्या फुलवालीकडून ऐकलं. पोलिसानं गाडी पुढं घ्यायला लावली. देविदासनं ब्रेक मारला तसा पट्टा घसरून त्याच्या पायात आला. गाडी बाजूला लावून, दार उघडून तो खाली उतरला आणि वाकून पट्टा ओढला. होल्स्टरमधून रिव्हॉल्व्हर निसटलं आणि दाराच्या उंबऱ्यावर घोड्याच्या बाजूनं आदळलं. नऊ वीसला फटाक्यासारखा आवाज आला. मी प्रसादासाठी हात पुढं केला होता.

गोळी पोटात गेली होती. दवाखान्यात नेताना त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो एवढंच बोलला.

"उस्ताद, डब्यात काहून नाई ठेवलं?"

दहा पाचला तो गेला.

शेठनं मला दवाखान्याच्या जिन्याखाली नेलं. म्हणाला, तुमचं लायसन्स जाईल, जेलही होईल. डब्याची चावी त्याच्याकडे होती, त्यानं काढून हाताळलं, एवढंच सांगा. मेलेल्याचं काय बिघडतं? आणि मी, वीस वर्षं दुसऱ्यांना खरं बोलायला लावणारा माणूस, तसाच जबाब लिहून दिला. चावी माझ्याच खिशात होती.

गावात बोभाटा झाला की गावंडेला हत्यार हाताळायची खोड होती, फौजेतही त्याला त्याचसाठी शिक्षा झाली होती. ती शिक्षा कोणी दिली हे कोणी विचारलं नाही. तेरवीला मी पंगतीत बसलो आणि जेवलो.

चार महिने काढले. मग एका दुपारी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको सुशीला ओसरीत हरभरा सोलत बसली होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. सहा गोळ्या, सीट, चावी, जबाब. ती सोललेले दाणे सुपात सारखे करत राहिली. मग म्हणाली, "भाऊजी, त्याच्या एका चुकीले तुमी सात दिवस पिठ्ठू देल्ला. तुमाले कोन देईन?"

दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन जबाब बदलला. लायसन्स गेलं, नोकरी गेली, केस चालू आहे. जे व्हायचं ते होईल. सुशीलावहिनींनी मला माफ केलेलं नाही, आणि करावं असं मी म्हणतही नाही.

अमरावतीत आमचा माजी सैनिकांचा मेळावा भरतो. शेवटी सगळे सावधानमध्ये उभे राहतात आणि गेलेल्यांची नावं वाचली जातात. देविदासचं नाव यादीत नव्हतं. तो सरहद्दीवर पडला नाही, असं सेक्रेटरी म्हणाले, आणि ते बरोबर होतं. यादी संपल्यावर मी रांगेतून एक पाऊल पुढं आलो आणि परेडच्या आवाजात म्हणालो, "लान्स नायक देविदास गावंडे. माझ्या हत्यारानं गेला. डबा त्यानं उघडला नव्हता."