प्रेमराजच्या वहीतलं एक वाक्य

प्रेमराजला सगळ्यात जास्त ओळखणारा माणूस म्हणजे तोतारामनाना, असं नशिराबादेत सगळे धरून चालतात. खरं म्हणजे नानांना त्याच्याबद्दल फार थोडं ठाऊक होतं. तो मूळचा शिंदखेड्याकडचा. केळी कापणाऱ्या टोळीबरोबर बारा वर्षांपूर्वी इकडे आला आणि इथेच राहिला. बायको वारलेली, मुलगी एक, भूमिका. सदऱ्याच्या उजव्या खांद्यावर घड वाहून वाहून पडलेले चिकाचे काळे डाग. एवढंच. गाव का सोडलं, एकटा बसला की कशाचा विचार करायचा, हे नानांनी कधी विचारलं नाही. विचारायचा त्यांना संकोच वाटे.

नाना कोर्टातून लिपिक म्हणून निवृत्त झालेले. रोज संध्याकाळी दोन तास ते गावचं वाचनालय उघडून बसत. कुणीतरी देणगी दिलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात एक जाडसर इंग्रजी पुस्तक निघालं. पानोपानी फोटो, एक माणूस दुसऱ्याला गुडघा मारतोय, कोपर मारतोय. वर्तमानपत्र वाचायला आलेला प्रेमराज ते चाळत उभाच राहिला.

"नाना, हाई कशानं पुस्तक शे?"

"थाई बॉक्सिंगचं. पण इंग्रजी आहे रे."

"चित्रं ते मराठीच शेतस ना."

नाना हसले आणि पुस्तक त्याच्या नावावर लिहून दिलं. आठ दिवसांनी तो परत आला. लाथ मारताना भार कुठल्या पायावर ठेवायचा, ते चित्रात दिसत नव्हतं. नानांनी ते पान वाचून सांगितलं, मग पुढचं सांगितलं, आणि शेवटी एक दोनशे पानी वही आणून दुपारच्या वेळी घरी बसून धडे मराठीत उतरवायला लागले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या जबान्यांच्या नकला केल्या होत्या. कुणाच्या उपयोगी पडेल असं स्वतःच्या अकलेने पहिल्यांदाच लिहीत होते, आणि प्रत्येक ओळीला त्यांना धास्ती वाटे की हे बरोबर असेल ना.

पुस्तकात एके ठिकाणी होतं की तिकडचे गरीब खेळाडू केळीच्या खोडावर लाथांचा सराव करतात. हे ऐकून प्रेमराजला इतका आनंद झाला की त्याने बाकावर थाप मारली. "म्हंजे सामान ते आपलाकडे बठ्ठं शे!"

रुपचंदभाऊंच्या मळ्यात घड कापलेली खोडं उभी असायची. भाऊंनी एका अटीवर परवानगी दिली, शेजारच्या पिलाला, म्हणजे बुंध्यातून फुटलेल्या नव्या रोपाला, धक्का लागता कामा नये. मग रोज काम संपलं की प्रेमराज नडगीने खोडावर लाथा घालायचा. बांधावरून जाणारे थट्टा करत.

"का रे, केळीनं काय केलं तुझं?"

"काही नही, भाऊ."

"मग मारतोस कशाला तिला?"

"ती उलटी मारत नही ना, म्हनीसन!"

पाच वर्षं तो असा एकटाच शिकला. कुणाशी कधी लढला नाही, लढायची इच्छाही दिसली नाही. टोळीतली माणसं घड उतरवून मुकादमाबरोबर पत्ते कुटत, हा वही उघडून कोपर कसं फिरतं ते पाहत बसे. जोडीदाराबरोबर करायच्या सरावाचा धडा नानांनी सोडूनच दिला होता. त्याला जोडीदार होता कुठे?

तो मिळाला भूमिका अकरावीत गेल्यावर. लहानपणापासून बापाला पाहून तिने सगळ्या लाथा उचलल्या होत्या. धुळ्याला दरवर्षी थाई बॉक्सिंगसाठी जळगाव-धुळे दोन्ही जिल्ह्यांतल्या मुलींची निवड होते, असं कॉलेजात कळलं आणि तिने हट्ट धरला. शिकवणारा ठेवणं प्रेमराजच्या आवाक्यात नव्हतं. तो वही घेऊन नानांकडे आला. "नाना, तो ऱ्हायेल धडा लिखी द्या."

नाना लिहायला बसले. भूमिका पायरीवर बोरं खात बापाची वाट पाहत होती, वेणी पुढे घेतलेली. पुस्तकात वाक्य होतं, जोडीदाराने खोटं मारू नये. हलकं मारावं, पण लागलं पाहिजे, कारण ज्याला कधी लागलेलंच नाही तो पहिल्या फटक्याला थांबतो. नानांनी ते दोनदा वाचलं. पायरीकडे पाहिलं. बापाने पोरीच्या तोंडावर मारायचं, हे काही त्यांच्या हातून लिहवेना. त्यांनी वहीत लिहिलं, 'जोडीदाराने मारल्यासारखं करावं.'

दोन वर्षं प्रेमराजने मारल्यासारखं केलं.

मग भूमिकाला निवडीसाठी धुळ्याला घेऊन गेला, आणि परतल्यावर तिसऱ्या दिवशी वाचनालयात आला. बाकावर बसला आणि बराच वेळ वर्तमानपत्राची घडी घालत राहिला.

"लाथा तिन्या झकास व्हत्यात, नाना. सर लोकंबी तसंच बोलनात. पन पहिला ठोसा लागना, ना पोर लढानं सोडीसन मनाकडे दखाले लागनी. 'आबा, आते काय करू?' असं तिनं तोंड व्हतं."

पहिला ठोसा बसताच मुलगी थांबली होती आणि पहिल्याच फेरीत बाद झाली होती. नानांनी कपाटातून पुस्तक काढलं, ते पान उघडलं आणि मूळ वाक्य जसंच्या तसं मराठीत वाचून दाखवलं. मग म्हणाले, "हे मी बदललं होतं. चूक माझी आहे, प्रेमराज."

प्रेमराज पानाकडे पाहत राहिला. त्याला इंग्रजी कळत नव्हतं, तरी पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "तुम्ही खरं लिखं असतं ना नाना, तरी मना हात उठता का?"

हे नानांचं समाधान करण्यासाठी होतं की त्याच्या मनातलं खरं होतं, ते नानांना तेव्हा कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

त्याने पिशवीतून वही काढून पुढे केली. नानांनी जुनं वाक्य खोडलं, वर बारीक अक्षरात नवं लिहिलं. जाताना प्रेमराजने पुस्तकही पुन्हा आपल्या नावावर लिहून नेलं. पुढे महिन्याभराने भूमिका मासिक बदलायला आली, तेव्हा तिच्या गालावर लाली होती. नानांनी न राहवून विचारलं. ती म्हणाली, "आबांनी मारलं. मारून झाल्यावर तेच बांधावर जाऊन बसले. मी पाणी नेऊन दिलं, मग उठले." दुसऱ्या आठवड्यात ती सांगत आली, की आज आबा बसले नाहीत.

पुढच्या वर्षीच्या निवडीला पाच दिवस होते, तेव्हा भर दुपारी मळ्यात घड खांद्यावर घेताना प्रेमराजच्या छातीत कळ आली. जळगावला नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

भूमिकाने धुळ्याला जावं की नाही, यावर भाऊबंदांत दोन मतं पडली. दहावं झालं नव्हतं. शेवटी तिची आत्या ताईबाई शिंदखेड्याहून आली आणि स्वतः तिला घेऊन गेली. नानाही गेले. मुलीच्या तोंडावर पहिला ठोसा बसला तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा भूमिका कुणाकडेही पाहत नव्हती. समोरच्या मुलीच्या मानेला तिने विळखा घातला होता आणि गुडघा वर येत होता, पुस्तकातल्या चित्रात येतो तसा. तिची निवड झाली. परतताना एसटीत ती ताईबाईच्या मांडीवर डोकं ठेवून सगळा रस्ता रडली.

पुस्तक तिने आणून दिलं. नानांनी ते जमा करून घेतलं नाही. वहीसुद्धा तिच्याकडेच आहे.

लोक नानांना विचारतात, शेवटचं काय बोलला तो तुमच्याशी? सांगण्यासारखं काहीच नाही. प्रेमराज जाण्याच्या तीन दिवस आधी नाना वाचनालयाला कुलूप लावत होते. तो रस्त्यावरून सायकलवर चालला होता. न उतरता, एक पाय टेकवून म्हणाला, "नाना, पुस्तक आखो आठ दिन ठेऊ का?"

"ठेव की. दुसरं कोण मागतंय?"

"बरं. येस मी."

"ये."