फोल्डरला तारीख घाला, बस

"बोलत नाही ना, मग चूक तिचीच असणार," चहाच्या मशीनपाशी आमचे सीनियर माझ्याबद्दल शेठना सांगत होते. मी पार्टिशनच्या अलीकडे, रिकामा कप घेऊन उभी.

आमचं ऑफिस सुरतेतल्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलांना सॉफ्टवेअर पुरवतं. मूळ पॅकेज बाहेरचं, फुकटचं. त्यात आमच्या दुरुस्त्या, म्हणजे पॅच, लावायचे. पॅकेजची नवी आवृत्ती आली की सगळे पॅच पुन्हा लावावे लागतात, आणि ते काम सीनियरांचं. पॅच राहायचे ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, वाढदिवसाचे केक आणि सुप्रभातची फुलं यांच्या मधोमध. 'फायनल', 'फायनल नवं', 'हेच लावा'. कुठला लावलाय ते फक्त त्यांच्या डोक्यात, आणि त्या डोक्याचा त्यांना फार अभिमान.

त्या आठवड्यात पलसाण्याच्या मिलमध्ये फिरोजी कापड शेवाळी निघालं. रंगाच्या मापातली ती चूक मी दोन महिन्यांपूर्वीच पॅच देऊन मिटवली होती. तरी ती परत आली, आणि शेठ मला त्या मिलच्या कामावरून काढायला निघाले.

दुपारी मीटिंग. पॅच सांभाळायला कुठलं साधन घ्यायचं, गिट की सबव्हर्जन? शेठनी साड्यांचे सँपल बघावेत तसे दोन्ही स्क्रीन बघितले. "बाजारात काय चालतंय?" मग, "यातलं दिसायला साधं कुठलं?"

"शेठ, टूलनुं शुं काम छे?" सीनियर म्हणाले. "फोल्डरला तारीख घाला, बस. बाकी मी बसलोय ना!"

सगळ्यांनी माना हलवल्या. तारखेचं फोल्डर जिंकल्यातच जमा होतं.

माझ्या लॅपटॉपवर वर्षभर गिट होतं. पॅकेजची प्रत्येक आवृत्ती, तिच्यावरचा प्रत्येक पॅच, कोणी कधी केला त्यासकट. कोणी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं. मिलमध्ये चालू असलेलं पॅकेज सकाळीच मी त्याच्याशी ताडून पाहिलं होतं.

"काय बेन, तुझं काय म्हणणं?" सीनियर हसत म्हणाले. "की आजपण मौनव्रत?"

मी लॅपटॉप शेठकडे वळवला.

"गिट घ्या, शेठ. यात दिसतंय बघा, मिलमध्ये चढवलेल्या नव्या आवृत्तीवर माझा पॅच लावलेलाच नाही. आणि भाई, तेव्हा तुम्ही बसलेलेच होतात ना?"