साडेआठची मोटर

माझ्या घरात बाहेरून आलेल्या माणसाला पाय धुऊन, पाणी पिऊन, दोन मिनिटं टेकल्याशिवाय कोणी काही सांगत नाही. गॅस संपला असो की पाहुणे येणार असोत, थांबायचं. सुना हसतात, पण पाळतात. मी स्वभावाने उतावळी. ही सवय माझी नव्हेच, सासूबाईंची. ती मला लागली तेव्हा माझी नोकरी जवळजवळ हातची गेली होती.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी नांदुऱ्याची, माहेरच्या घरामागून रेल्वे जायची. लग्नाआधी मास्तरकीचं ट्रेनिंग केलेलं. सासर मोताळ्याकडच्या एका लहान गावात, शेतकऱ्याचं. कापूस वेचणीच्या दिवसांत एका दुपारी पोस्टमनने कागद आणून दिला. धामणगाव बढेच्या शाळेत माझी नेमणूक झाली होती. आठ दिवसांत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्या कोणाला. सासूबाईंना वाचून दाखवला तर त्या एवढंच म्हणाल्या, की संध्याकाळी मामंजींचं जेवण होऊ दे, मग बोलू.

मला कुठला दम निघतोय! दिवस कलताना मामंजींची बैलगाडी दारात आली. वर कापसाची गाठोडी, सोबत शेजारचे एक गृहस्थ. वेचणीला दोन बायका कमी आलेल्या, त्यात बैल लंगडत होता. मामंजींचा एक पाय अजून गाडीतच होता आणि मी कागद पुढे केला.

"आमच्या घरची सून नोकरीले जात नाई," ते म्हणाले आणि बैल सोडायला लागले.

शेजाऱ्यादेखत बोललेला शब्द मामंजी कधीच परत घेत नसत. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, मला सोडून. नवऱ्याची ना नव्हती, पण वडिलांपुढे या शूर माणसाचं तोंड उघडत नसे. मी चुलीपुढे बसून रडले. सासूबाई रागावल्या नाहीत. भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मानूस वावरातून आला तरी अर्धा वावरातच राह्यते, पोरी. त्याले पयले घरात तं येऊ द्या लागते."

मी म्हटलं, उद्या पुन्हा विचारते. त्या नको म्हणाल्या. मग नांदुऱ्याला वडिलांना पत्र टाकून बोलावते म्हटलं, तर त्यालाही नको. एकदा नाही म्हटलेल्याला पुन्हा तेच विचारलं की तो पुन्हा नाहीच म्हणतो, आणि दुसऱ्यांदा जास्त जोरात, असं त्यांचं म्हणणं. चार दिवस त्यांनी मला तोंड उघडू दिलं नाही. मी भांडी आपटत होते, दिवस मोजत होते. त्या मात्र उन्हात माझ्या शेजारी बसून तूर निवडायच्या आणि भलत्याच गोष्टी सांगायच्या. मला त्यांचा राग येत होता, हे आज कबूल करते.

पाचव्या दिवशी मामंजी जेवले, अडकित्ता घेऊन ओट्यावर टेकले. वेचणी उरकत आली होती, बैलाचा पायही बरा होता. सासूबाई दारातून सहज बोलल्यासारख्या म्हणाल्या, "सकायची धामणगावची मोटर कितीक वाजता येते हो?"

मी आत दाराआड उभी. नोकरीचं नाव नाही, कागदाचं नाव नाही. सुपारी कातरण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"साडेआठले," मामंजी म्हणाले. थोड्या वेळाने पुढे म्हणाले, "पन फाट्यावर आठलेच जाऊन उभं राहा लागते."

त्यांनी परवानगी दिलीच नाही, नुसती गाडीची वेळ सांगितली. त्यांचा शब्दही राहिला. सासूबाई काही झालंच नाही अशा चेहऱ्याने आत आल्या आणि माझं बरं लुगडं पेटीतून काढून ठेवायला सांगितलं. मी त्यांच्या गळ्यात पडले, तर म्हणाल्या, हात ओले आहेत, सर बाजूला.

सकाळी नवरा पोचवायला निघाला, तर मामंजींनी त्याला वावरात पिटाळलं. फाट्यापर्यंत ते स्वतः आले, माझ्या चार पावलं पुढे, एक शब्द न बोलता. मला वाटत होतं, हे आता मधूनच परत फिरायला सांगतात की काय. फाट्यावर गावातली पाच-सहा माणसं उभी होती. मोटर आली. मी चढले. मामंजींनी दाराला हात लावून कंडक्टरला थांबवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माही सून हाये. मास्तरीन हाये. हिले रोज इथून घेत जा."