पूर्वाच्या टाकीतला सापळा

आधीच सांगतो, मी औषधवाला माणूस. बदनापुरात माझं बी-बियाणं अन् फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. पानाला भोक दिसलं की अळी शोधायची, नजर लागली म्हणून बोंबलत बसायचं न्हाई, हा आपला स्वभाव. दुकानाला लिंबू-मिरचीसुद्धा बांधत न्हाई मी. तरी हे लिहून राह्यलो… कारण दुसरीकडं बोलायची सोय न्हाई.

माझी पूर्वा एकुलती एक. जालन्याला बीएस्सी करत होती. पोरीनं घरात माशांसाठी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली! समुद्र कुठं, आम्ही कुठं! फिल्टरच्या पाण्यात पाकिटातलं मीठ कालवायची. त्यात जिवंत प्रवाळ अन् दोन नारिंगी मासे. मी चिडवायचो, "माय, इथं प्यायला टँकर येतो अन् तू पाण्यात मीठ टाकून राह्यली?"

"पप्पा, तुम्ही आधी हात धुवा. तुमच्या औषधाचा एक थेंब पडला ना, सगळं खल्लास!"

टाकीतल्या दगडांतून काटेरी किडे निघायचे. लांबडे, गोमेसारखे, अंगभर बारीक कुसळं. मी औषध सुचवलं की चिडायची. "थोडे पाहिजेतच, उरलंसुरलं खातात ते. जास्त झाले की समजायचं, खाणं जास्त पडून राह्यलं." मंग एका प्लास्टिकच्या नळीला भोकं पाडून आत सुकटीचा तुकडा घालायची, तोंडाला फडकं लावून वर केसाचं रबर गुंडाळायची. संध्याकाळी सापळा टाकीत सोडला की सकाळी नळीभर किडे.

मागच्या पावसाळ्यात डेंगू झाला अन् पूर्वा गेली. बघता बघता गेली हो… हाताशी आलेलं लेकरू. नेण्याआधी सुनंदानं, माझ्या बायकोनं, तिची शेवटची वेणी घातली. रबर तेच, सापळ्याला लावायची ते, हिरवं. एकदा तुटलं होतं, तवा सुनंदानंच पांढऱ्या दोऱ्यानं शिवलं होतं. चितेवर ठेवलं तेव्हा ते वेणीत होतं. मी या डोळ्यांनी पाहिलंय.

त्यानंतर सुनंदा टाकीपुढंच बसायची. सारखी माशांना खाऊ टाकायची. "लेकराचे मासे हायेत, उपाशी नकोत." मी सांगून थकलो, ऐकते कुठं! किडे माजले. प्रवाळ आक्रसला, एक मासा मेला. सापळ्याची नळी मी हातात घ्यायचो अन् तशीच परत ठेवायचो. शेवटी ती मी कपाटात ठेवून दिली.

थंडीत आम्ही मेव्हण्याकडं धावड्याला गेल्तो. एक मुक्काम. घराला कुलूप, किल्ली माझ्या खिशात, दुसरी किल्लीच न्हाई. सकाळी परत आलो. सुनंदा टाकीकडं गेली अन् ओरडली, "अहो, जल्दी या!"

नळी टाकीत होती. किड्यांनी गच्च. तोंडाला हिरवं रबर.

"तुम्ही लावला का?"

"मी तर तुझ्यासंगच होतो ना!"

असली रबरं बाजारात ढिगानं मिळतात, असं मी म्हणालोसुद्धा. सुनंदानं ते काढून फिरवून दाखवलं. पांढरा दोरा. तिच्याच हातची शिवण. रबर छातीशी धरून ती हमसून हमसून रडली. "घरी आल्ती अन् मला भेटली न्हाई का गं बाई!"

मंग सुनंदा अजूनच जास्त खाऊ टाकायला लागली. कशासाठी ते मला कळत होतं… किडे झाले की पोरगी येईल. मीही अडवलं न्हाई. ती यावी असं मला वाटत न्हाई का? पण उरलेला मासा तळाला कलंडून पडायला लागला. त्या दिवशी सुनंदा स्वतःच म्हणाली, "तिचा मासा मारून तिला बोलवायचं? न्हाई हो. लावा सापळा."

आता सापळा मी लावतो. बोटात कुसळं घुसतात, ती सुनंदा चिमट्यानं काढते. रबर देव्हाऱ्यात आहे. कोणी घरात शिरलं का, आम्हाला भ्रम झाला का, सगळा विचार करून झाला. जळालेली वस्तू परत कशी आली, हे कोणाला समजत असेल तर सांगा.

किडे कमी झालेत. प्रवाळ पुन्हा फुललाय, मासा खायला वर येतो. टाकी बिलकुल पूर्वाच्या वेळेसारखी झालीय.

"म्हणून तर ती येत न्हाई," सुनंदा म्हणते.