ट्यूबलाइटची तिसरी रेघ

माझ्या मनात खुन्नस फार वर्षं टिकते. आई म्हणते, बाबांच्या घरचे सगळे लवकर विसरणारे होते, तू कुणावर गेलीस कळत नाही. कुणावर गेले नसेन तर हे माझं मीच कमावलेलं आहे आणि मला त्याची लाज नाही.

बाबा वाकोल्यात फोटो काढायचे. लग्नं, बारशी, विहारातले कार्यक्रम, जयंतीची मिरवणूक, सगळं एका कॅमेऱ्यावर आणि हाताने फोकस फिरवायच्या एका जुन्या जर्मन लेन्सवर. आत उजेड किती घ्यायचा ते ठरवणारे लेन्सवरचे बारीक आकडे उन्हात त्यांना दिसायचे नाहीत. म्हणून आठच्या आकड्यावर त्यांनी आईच्या लाल नेलपॉलिशचा टिपका दिला होता. टिपका वर आला की बाबा तयार. आमच्या वस्तीतल्या अर्ध्या लोकांची लग्नं त्या टिपक्यावर लागली आहेत.

बाबा गेल्यावर कॅमेरा माझ्याकडे आला आणि पहिल्याच पावसाळ्यात लेन्सला फंगस लागलं. बाबांचे एक गाववाले घाटकोपरला स्टुडिओ चालवायचे, बाबांचे जिवलग. मी त्यांना काका म्हणायचे, अजूनही म्हणते. ते म्हणाले, "आण इकडे, उघडून साफ करून देतो. बाहेर कुणाच्या हातात देऊ नको, वाट लावतील." मी दिली. परत आली ती लख्ख होऊन, पण टिपका नव्हता. "स्पिरिटने निघाला गं. दुसरा लाव," ते म्हणाले.

त्यानंतर मी आतेबहिणीच्या लग्नातला ग्रुप फोटो काढला. हॉलमध्ये उजेड कमी, म्हणून उजेड आत घेणारी लेन्सची पाती पूर्ण उघडली होती. मधले नवरा-नवरी ठीक आले. रांगेच्या टोकाला उभ्या आत्याचा चेहरा मात्र पाण्यात पडल्यासारखा विरघळला, आणि मागच्या दिव्यांच्या माळेचे कडा असलेले गोल गोल बुडबुडे झाले. बाबांच्या कुठल्याच फोटोत असं नव्हतं. त्यांच्याकडे टोकाच्या माणसाच्याही मिशा मोजता यायच्या. मी प्रिंट घेऊन काकांकडे गेले. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "लेन्स तीच आहे पोरी. बाबाचा हात वेगळा, तुझा हात वेगळा. सगळ्यांना नाही जमत."

मी त्यांचं खरं मानलं. कॅमेरा कपाटात गेला आणि मी अंधेरीत लग्नाचे अल्बम डिझाइन करायच्या नोकरीला लागले. दिवसभर दुसऱ्यांचे फोटो चौकटीत बसवायचे. त्यातल्या कितीतरी फोटोंपेक्षा मी बरे काढले असते हे कळायचं, आणि लगेच आपला हात आठवायचा.

लॉकडाउनमध्ये बसल्या बसल्या मी जुन्या लेन्सवरचे व्हिडिओ बघायला लागले. त्यात एक सोपी गोष्ट होती. काही लेन्समध्ये सुट्या तीन काचा असतात. त्यांची मधली जागा छान येते, कडा ढेपाळतात आणि दिव्यांचे बुडबुडे होतात. दुसऱ्या जातीत काचा चार. पुढच्या दोन तशाच सुट्या, पण मागे एकाऐवजी दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या. ती कडांपर्यंत रेखीव. बाहेरून दोघी जुळ्या बहिणी. ओळखायचं कसं? पाती जवळजवळ मिटायची आणि मागच्या बाजूने लेन्स ट्यूबलाइटखाली तिरकी धरायची. तीन काचांवाली असेल तर मागच्या एकाच काचेवर ट्यूबच्या दोन चकचकीत रेघा दिसतात. चारवाली असेल तर त्यांच्यासोबत तिसरी एक फिकट रेघ दिसते, दोन काचा जिथे चिकटवल्या आहेत तिथून येणारी.

मी कपाटातून लेन्स काढली. पुढच्या नावाच्या रिंगवर चार काचांच्या जातीचं नाव होतं. स्वयंपाकघराच्या ट्यूबखाली धरली. दोनच रेघा. तिरकी केली, सरळ केली, पुसली. दोनच. रिंग बाबांची होती, काच बाबांची नव्हती, आणि ती लेन्स आजवर एकाच माणसाने उघडली होती. तळपायाची आग मस्तकात गेली ती लेन्ससाठी कमी, माझ्या हातासाठी जास्त.

मी भांडायला गेले नाही. काकांच्या घाटकोपरच्या फोटो क्लबची मेंबर झाले. दर महिन्याच्या एका रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये दहा-पंधरा माणसं जमतात, आणि काका तिथले गुरू. त्यांचं एक ठरलेलं भाषण होतं. हातातली लेन्स उंच धरून सांगायचे, "ही साधी तीन काचांची. बुडबुडे पाडायला बदनाम. पण माझ्या फोटोत एक बुडबुडा दाखवा. लेन्स पाडतेच, मी पडू देत नाही. फोटो काचेत नसतो, हातात असतो." लोक टाळ्या वाजवायचे. मीही वाजवायचे. जोरात.

मग मीच सुचवलं, पुढच्या वेळी जुन्या लेन्सची तुलना करू या. काकांनी पाठ थोपटली.

त्या रविवारी मी तीन आणि चार काचांचा फरक समजावला, ट्यूबलाइटची युक्ती सांगितली. आधी माझी लेन्स क्लबच्या अध्यक्षांच्या हातात दिली. ते निवृत्त डॉक्टर, सावकाश बघणारे. "दोन," ते म्हणाले. "पण रिंगवर तर चारवालीचं नाव आहे."

"आता काकांची बघा ना," मी म्हटलं.

काका आपली लेन्स उचलायला गेले, पण टेबलावरून ती डॉक्टरांनी आधीच घेतली होती. डॉक्टरांनी ती तिरकी केली. "दोन ठळक, आणि एक फिकट. म्हणजे ही चारवाली."

"धूळ असेल हो आत," काका म्हणाले.

"धुळीत ट्यूबलाइट दिसत नाही काका." मी लेन्स हातात घेतली आणि आठचा आकडा डॉक्टरांसमोर धरला. वरचा टिपका स्पिरिटने गेला होता, पण आकड्याच्या खाचेत लाल राहिलं होतं. बाबांनी काढलेले लग्नांचे फोटो मी बॅगेतून काढून टेबलावर मांडले. सोबत दुसऱ्या कुणी काढलेला एक होता, त्यात कॅमेरा गळ्यात अडकवलेले बाबा होते, आणि लेन्सवर टिपका.

काका माझ्या कानाशी आले. "घरी बोलू ना आपण. तुझ्या बाबाची आण."

"इथेच बोलू," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. नावाची रिंग फिरवून काढायला लागणारं रबरी बूच मी सोबत आणलं होतं. ते त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "नावांच्या रिंगा तुम्हीच बदलल्यात, तुम्हीच काढा."

त्यांनी दोन्ही रिंगा काढल्या आणि जिच्या तिला लावल्या. पहिली रिंग दोनदा बुचाखालून निसटली. कुणी मदत केली नाही, मी तर नाहीच. मला बरं वाटलं, फार बरं वाटलं, आणि ते लपवायचा मी प्रयत्नही केला नाही. बाबांची लेन्स मी बॅगेत टाकली. तीन काचांची त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "काका, आता हात दाखवा."

घरी आईने नेलपॉलिशची बाटली शोधून आणली आणि आठवर टिपका दिला. गेल्या महिन्यात विहारातल्या लग्नाचा ग्रुप मी काढला. टोकाच्या आत्याच्या कानातल्या कुड्या दिसतात.

काकांनी क्लब सोडला नाही, सोडला तर लोक काय म्हणतील. ते मागच्या रांगेत बसतात. आता भाषण नसतं, फोटोही नसतात. मी एकही रविवार चुकवत नाही. सगळ्यांचे फोटो बघून झाले की मागे वळते आणि दर वेळी तेच विचारते, "काका, तुमचं काही नवीन?"